पहिली ते तिसरी : मुलाचा अभ्यास आणि त्याची मैत्री एकत्र कशी पाहावी

ज्यांचे मूल नुकतेच पहिलीत गेले आहे किंवा लवकरच जाणार आहे, अशा पालकांसाठी हा लेख आहे. माझी दोन्ही मुले या टप्प्यातून गेली. त्या काळात मला मिळणारे सल्ले नेहमी दोन वेगळ्या गटांतले असत. अभ्यासाचे सल्ले देणारे मैत्रीविषयी बोलत नसत आणि स्वभावाविषयी बोलणारे वाचन-गणिताकडे वळत नसत. सहा ते आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याला वाचता येत नाही ते मूल वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला ढकलते, आणि मधल्या सुट्टीत ज्याला कोणी खेळायला घेतले नाही ते मूल पुढच्या तासाला फळ्याकडे बघत बसते, पण फळ्यावरचे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी लॅड यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेच्या अगदी पहिल्या वर्षातल्या मुलांचे निरीक्षण केले होते. वर्षभरात ज्यांनी वर्गात नवे मित्र जोडले त्यांच्या अभ्यासातही प्रगती दिसली, आणि ज्यांना सोबत्यांनी दूर ठेवले त्यांच्यात शाळा टाळण्याची वृत्ती अधिक व अभ्यासातली कामगिरी कमी आढळली. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांत अभ्यास आणि मैत्री यांच्या नोंदी एकाच वहीत ठेवायच्या आहेत.

आधी जमवून ठेवण्याच्या गोष्टी

- एक जाड नोंदवही, जी फक्त याच कामासाठी वापरायची.
- मुलाच्या कामाचे नमुने ठेवण्यासाठी एक फाइल. महिन्यातून एक लेखन, एक गणिताचे पान आणि एक चित्र पुरते. प्रत्येकावर तारीख मात्र हवी.
- आतापर्यंतची प्रगतिपुस्तके आणि शिक्षकांनी वहीत लिहिलेले शेरे.
- डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीचे अहवाल.
- सुमारे शंभर शब्दांचे तीन-चार उतारे, सोप्यापासून कठीणाकडे जाणारे.
- मोजण्यासाठी मणी, बिया किंवा काड्या, आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधायला रबर.

महागडे शैक्षणिक खेळ किंवा खास ॲप यांची या कामासाठी गरज नाही.

१. प्रथम डोळे, कान आणि झोप

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून पुष्कळ पालक ती गाळतात, आणि नंतर अनेक महिने मुलाच्या "लक्ष नसण्यावर" उपाय शोधत राहतात. अंधुक दिसणाऱ्या मुलाला आपल्याला अंधुक दिसते हे कळत नाही, कारण त्याने वेगळे काही पाहिलेलेच नसते. कानांचे तर याहून फसवे असते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहणे या वयात वारंवार घडते, आणि त्यामुळे ऐकू येणे काही आठवडे कमी-जास्त होत राहते. असे मूल घरात शेजारी बसून बोललेले नीट ऐकते, पण गलबल्यातल्या वर्गात सूचनेचा अर्धाच भाग त्याच्यापर्यंत जातो. मग ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि नक्कल करणारे ठरते.

झोपेबाबत सांगायचे तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, अशी बालझोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. अपुऱ्या झोपेचे मूल मोठ्यांसारखे पेंगत नाही. ते चिडते, धावते, पटकन रडते आणि साध्या कारणावरून भांडते. त्यामुळे मुलाच्या वागण्यावर कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन आठवडे झोपण्याची व उठण्याची वेळ लिहून ठेवावी.

२. पहिला महिना फक्त पाहावे आणि लिहावे

शाळा सुरू झाल्यावर लगेच शिकवू लागण्याचा मोह आवरावा. नोंदवहीच्या डाव्या पानावर अभ्यासातले आणि उजव्या पानावर इतर मुलांसोबतचे असे विभाग करावेत व आठवड्यातून दोन-तीनदा चार ओळी लिहाव्यात. नोंद घटनेची असावी, विशेषणांची नसावी. "आळशीपणा केला" या वाक्यातून पुढे काहीच करता येत नाही. "सहा ओळींपैकी दोन नीट लिहिल्या, तिसरीपासून अक्षर मोठे होत गेले, मग हात दुखतो म्हणाला" या नोंदीवरून पेन्सिल धरण्याची पद्धत तपासावी हे लगेच सुचते. काही आठवड्यांनी दोन्ही पाने समोरासमोर वाचली की जे रोजच्या धावपळीत दिसत नाही ते दिसू लागते. माझ्या मुलीच्या वहीत पोटदुखीच्या नोंदी आणि जोडीने करायच्या कामाचे दिवस एकत्र येत होते, आणि तेवढ्यावरून शिक्षिकांशी नेमके कशाविषयी बोलायचे ते ठरले.

मुलाला "आज काय शिकलास?" असे विचारले की बहुतेक वेळा "काही नाही" हेच उत्तर येते, कारण त्या वयात दिवसभराचा सारांश काढणे अवघड असते. त्याऐवजी लहान आणि ठोस प्रश्न विचारावेत: आज तुझ्या शेजारी कोण बसले होते, मधल्या सुट्टीत काय खेळलात, बाईंनी सांगितलेले काय कळले नाही, आज कोणाला रडू आले.

येथे चुकू नये : वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी तुलना करू नये. एकाच वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलाच्या वयात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असू शकते, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा भाग असतो. तुलना करायचीच असेल तर फाइलमधल्या तीन महिन्यांपूर्वीच्या त्याच्याच पानाशी करावी.

३. वाचनातली अडचण नेमकी कोठे आहे ते ओळखावे

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: समजून वाचणे हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे. एक क्षमता अक्षरांवरून शब्द उलगडण्याची आणि दुसरी बोललेली भाषा समजण्याची. बेरजेऐवजी गुणाकार म्हटल्याने दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य येते, आणि पालकांच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

घरी हे तपासणे सोपे आहे. एक उतारा मुलाला मोठ्याने वाचू द्यावा आणि नंतर त्यावर तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या दिवशी तेवढाच कठीण पण वेगळा उतारा आपण वाचून दाखवावा आणि पुन्हा प्रश्न विचारावेत. ऐकलेले समजते पण स्वतः वाचलेले समजत नाही, तर अडचण उलगडण्यात आहे, आणि अक्षरे व ध्वनी यांचा सराव हवा आहे. वाचन सरसर होते पण ऐकलेलेही समजत नाही, तर सरावाची आणखी पाने देऊन उपयोग नाही, त्या मुलाला गोष्टी, गप्पा, नवे शब्द आणि "असे का झाले असेल?" या प्रकारचे प्रश्न हवे आहेत. या दुसऱ्या प्रकारची मुले पहिली-दुसरीत हुशार वाचक समजली जातात आणि तिसरीपासून, जेव्हा वाचून शिकण्याची वेळ येते तेव्हा, अचानक मागे पडल्यासारखी दिसतात.

मराठी वाचताना काही ठिकाणी हमखास अडखळणे होते. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते पण उच्चारताना नंतर. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो त्याच्या आधी उच्चारला जातो. जोडाक्षरांत पहिल्या अक्षराचे रूपच बदलते. मूल या ठिकाणी थांबले तर ते मंद आहे असे समजू नये. अशा शब्दांची वेगळी यादी करून रोज पाच शब्द घ्यावेत.

पुस्तक निवडताना शंभर शब्दांत किती चुका होतात ते पाहावे. पाचपर्यंत चुका होत असतील तर ते पुस्तक मुलाला एकट्याने वाचायला द्यावे, पाच ते दहा होत असतील तर सोबत बसून वाचावे, आणि दहाहून अधिक होत असतील तर ते आपण वाचून दाखवावे. वाचता येऊ लागले म्हणून वाचून दाखवणे बंद करण्याची चूक फार घरांतून होते. मुलाची ऐकून समजण्याची क्षमता त्याच्या वाचनाच्या क्षमतेपेक्षा या वयात बरीच पुढे असते, आणि ती वाढत राहावी यासाठी वाचून दाखवणे किमान तिसरीपर्यंत चालू ठेवावे.

४. गणितात आधी वस्तू, मग चित्र, मग अंक

शंभरपर्यंत अंक म्हणता येणे आणि संख्या समजणे या भिन्न गोष्टी आहेत. जाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग घरी करून पाहता येतो. मण्यांच्या समान संख्येच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्यात, मुलाकडून त्या सारख्या असल्याचे वदवून घ्यावे, आणि मग एका ओळीतले मणी लांब-लांब सरकवावेत. पसरलेल्या ओळीत मणी जास्त झाले असे मूल म्हणाले तर संख्येचे स्थैर्य अजून त्याच्या मनात पक्के झालेले नाही, आणि अशा वेळी उभी मांडणी करून घेण्यापेक्षा मणी मोजणे, वाटणे आणि पुन्हा मोजणे हेच गणित आहे.

बेरजेत प्रगती कशी दिसते हेही ठाऊक असावे. पाच अधिक तीन करताना मूल आधी दोन्ही गट मोजून पुन्हा एकपासून सगळे मोजते. पुढे पाचपासून सुरू करून सहा, सात, आठ असे म्हणते. आणखी पुढे तीन अधिक पाच असले तरी मोठ्या संख्येपासून मोजू लागते. उत्तर तिन्ही वेळा आठच येते, पण विचार मात्र पुढे सरकलेला असतो. म्हणून उत्तर बरोबर असतानाही "कसे काढलेस?" असे विचारावे. बोटांवर मोजण्यास बंदी करू नये. गरज संपली की मूल ते आपणहून सोडते.

मराठीतून गणित शिकणाऱ्या मुलांना एक खास अडचण येते. एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, म्हणून २१ ऐवजी १२ लिहिले जाते. एकोणतीस या शब्दात तीस ऐकू येते, पण संख्या विशीतली असते. ही चूक निष्काळजीपणाची नसते. काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवून "दोन दशक, एक एकक" असे म्हणवून घेतले की ती हळूहळू सुटते. वजाबाकीत दशक सोडवताना हाच गठ्ठा प्रत्यक्ष सोडायला लावावा. हे हाताने केल्याशिवाय कागदावरच्या रीतीत जाऊ नये.

५. सराव थोडा, पण वारंवार

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा तेवढाच सराव दिवसांच्या अंतराने विभागला तर लक्षात अधिक राहते, हे त्यांतून पुढे आले. पहिली-दुसरीच्या मुलासाठी याचा अर्थ असा, की सुट्टीच्या दिवशी दोन तास बसवण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटे वाचन आणि तेवढेच गणित अधिक उपयोगी पडते. रडत केलेली अर्ध्या तासाची बैठक मी सरावात मोजत नाही.

कौतुकाचे शब्दही जपून निवडावेत. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत ज्या मुलांच्या हुशारीचे कौतुक झाले त्यांनी अपयशानंतर लवकर माघार घेतली, तर ज्यांच्या प्रयत्नांचे कौतुक झाले ती मुले अधिक चिकाटीने टिकून राहिली. त्या प्रयोगांतली मुले आपल्या मुलांपेक्षा थोडी मोठी होती, तरी "किती हुशार आहेस" ऐवजी "अडलेला शब्द तू तोडून वाचलास" असे म्हणणे लहानांनाही उपयोगी पडते, कारण पुढच्या वेळी काय करायचे ते त्यातून कळते.

६. खेळात सामील कसे व्हायचे ते शिकवावे

मैत्री आपोआप होते असे आपण धरून चालतो, पण चालू खेळात शिरणे हे एक कौशल्य आहे आणि ते शिकवता येते. मार्था पुतालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली प्राथमिक शाळेतील मुलांचे निरीक्षण करून दाखवले, की जी मुले गटात सहज सामावली जात ती आधी गटाचे काय चालले आहे ते ओळखून त्याला धरून बोलत. जी मुले नाकारली जात ती स्वतःविषयी बोलून लक्ष वेधीत, खेळ थांबवणारे प्रश्न विचारीत किंवा लगेच मतभेद दाखवीत.

यावरून घरी तीन गोष्टींचा सराव घेता येतो.

- थांबून पाहणे. खेळ कोणता, नियम काय आणि कोणाची पाळी चालू आहे हे क्षणभर पाहावे.
- खेळाला उपयोगी पडेल असे काही करणे. लांब गेलेला चेंडू आणून द्यावा किंवा बांधकामासाठी आणखी ठोकळे आणावेत.
- खेळाला धरून बोलणे. "मला घ्या ना" यापेक्षा "मी या बाजूला उभा राहू का?" हे वाक्य अधिक वेळा स्वीकारले जाते.

हा सराव बाहुल्यांशी किंवा घरातल्या माणसांशी खेळून करावा. एकदा घरचे सर्व जण खेळत बसावेत आणि मुलाने बाहेरून येऊन सामील व्हावे. नंतर भूमिका बदलाव्यात आणि "आता जागा नाही" असे उत्तर आल्यावर काय करायचे, याचाही सराव घ्यावा. चांगली शिकलेली मुलेही कधीकधी नाकारली जातात. दुसरा गट शोधणे किंवा थोड्या वेळाने पुन्हा विचारणे हे दोन्ही मार्ग मुलाला आधीच ठाऊक असले, तर तो नकार ते जिव्हारी लावून घेत नाही.

मोठ्या गटात बुजणाऱ्या मुलासाठी एका वेळी एकच सोबती घरी बोलवावा. वेळ दीड-दोन तासांपेक्षा अधिक नसावा आणि काय करायचे ते आधी ठरलेले असावे. काही बांधणे, रंगवणे किंवा पेरणे असे दोघांचे मिळून एकच काम असेल तर बोलणे त्यातूनच निघते. पुष्कळ मित्र असणे हे उद्दिष्ट ठेवू नये. शांत स्वभावाच्या मुलाला एक पक्का सोबती असला आणि तो शाळेत समाधानी असला तर तेवढे पुरेसे आहे. एकटे खेळणारे प्रत्येक मूल दुःखी नसते. त्याला सामील व्हायचे आहे पण जमत नाही, की त्याला त्या वेळी एकटेच खेळायचे आहे, हा फरक नोंदवहीतून कळतो.

७. भांडण आणि छळ यांत फरक करावा

या वयातली बहुतेक भांडणे पाळी, नियम आणि वस्तू यांवरून होतात आणि दुसऱ्या दिवशी विसरली जातात. त्यांत पालकांनी न्यायाधीश होऊ नये. काय झाले, तुला काय वाटले, त्याला काय वाटले असेल आणि आता काय करता येईल, या क्रमाने मुलाला बोलते करावे, आणि शेवटचे उत्तर त्याच्याकडूनच येऊ द्यावे.

छळ वेगळा असतो. डॅन ओल्व्हेयस यांच्या अभ्यासातून रूढ झालेल्या व्याख्येनुसार हेतुपुरस्सर त्रास देणे, तो वारंवार होणे आणि दोघांच्या बळात तफावत असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो छळ होय. अशा वेळी "तूही मार" किंवा "दुर्लक्ष कर" असे सांगून मूल सुटत नाही, कारण स्वतःचा बचाव करण्याइतके बळ त्याच्याकडे नसते. तारीख, ठिकाण आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून शिक्षकांकडे जावे. समोरच्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना शाळेच्या दारात गाठू नये. त्यातून मोठ्यांचे भांडण उभे राहते आणि आपल्या मुलाची स्थिती आणखी बिकट होते.

८. शिक्षकांच्या भेटीची तयारी करावी

पालकसभेत प्रत्येक घराला थोडीच मिनिटे मिळतात. आधी वेगळी वेळ मागावी आणि एका कागदावर चारच प्रश्न न्यावेत. "कसा आहे अभ्यासात?" या प्रश्नाला "बरा आहे" असेच उत्तर मिळते. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत: सूचना एकदा सांगितल्यावर तो काम सुरू करतो का, अडल्यावर तो काय करतो, गटकामात कोणाबरोबर त्याचे जमते, आणि घरी आम्ही कोणती एक गोष्ट करावी?

भेटीत नोंदवहीतली दोन-तीन उदाहरणे सांगावीत आणि मग ऐकावे. मूल घरी एक आणि वर्गात दुसरेच असणे हे या वयात सामान्य आहे. शिक्षकांनी सांगितलेले घरच्या अनुभवाशी जुळत नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. बसण्याची जागा, जोडीदार आणि काम देण्याची पद्धत हे तीन बदल शिक्षकांच्या हातात असतात, आणि केवळ जोडीदार बदलल्याने वाचन सुधारलेले मी पाहिले आहे. काय ठरले ते घरी येऊन लिहावे आणि साधारण दीड महिन्याने पुन्हा भेटावे.

९. तज्ज्ञांकडे केव्हा जावे

सात वर्षांच्या आसपासपर्यंत अक्षरे किंवा अंक उलटे लिहिणे पुष्कळ मुलांत आढळते आणि केवळ त्यावरून काळजी करू नये. मात्र पुढील गोष्टी नियमित सरावानंतरही काही महिने टिकल्या तर वाट पाहू नये: शब्दांतले ध्वनी सुटे करून सांगता न येणे, काल वाचलेला शब्द आज पूर्ण नवा वाटणे, लहान संख्यांतही कमी-जास्त न कळणे, बोललेल्या साध्या सूचना न समजणे, शाळेत दीर्घकाळ कोणाशीही न बोलणे, किंवा आधी येत असलेले काही येईनासे होणे. शेवटची खूण दिसल्यास थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. इतर बाबतींत आधी शिक्षकांशी बोलावे, मग शाळेतले समुपदेशक किंवा विशेष शिक्षक असल्यास त्यांच्याशी, आणि त्यानंतर तपासणीसाठी मानसशास्त्रज्ञ किंवा वाचा-भाषातज्ज्ञांकडे जावे. सोबत तारखांसह कामाचे नमुने, प्रगतिपुस्तके, डोळे-कानांचे अहवाल आणि नोंदवही न्यावी. पहिल्या भेटीतला बराच वेळ त्यामुळे वाचतो.

मुलाला तेथे नेताना खरे सांगावे: वाचन अवघड का जाते ते या ताई शोधून काढणार आहेत. खाऊ किंवा फिरायला जाण्याचे निमित्त सांगून नेलेले मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही.

१०. वर्ष संपताना एक पान तयार करावे

नवी इयत्ता म्हणजे पुष्कळदा नवे शिक्षक, आणि मागच्या वर्षी कळलेले त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. नोंदवहीवरून एकच पान लिहावे: मुलाला काय चांगले येते, कोठे अडते, अडल्यावर कशाने मदत होते, कोणासोबत त्याचे जमते आणि कोणत्या गोष्टीने ते घाबरते. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे लेखनाचे दोन नमुने त्याला जोडावेत. हे पान नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी देऊ नये, त्या दिवशी शिक्षकांसमोर पूर्ण वर्ग असतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, त्यांनी मुलाला स्वतः थोडे पाहिल्यानंतर द्यावे.